फाइल शरीराची, दुखणं मनाचंही

आमच्या सासूबाईंची फाइल दोन बोटं जाड झाली होती. रक्ताचे रिपोर्ट, पोटाची सोनोग्राफी, पाठीचा एमआरआय, एंडोस्कोपी, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पोटाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. सगळं तारखेनुसार लावलेलं. फाइल मीच लावली होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता. आईंकडे आपलं किती लक्ष आहे, याचा तो पुरावाच वाटायचा.

सासरे गेले आणि वर्षभरात साताऱ्याचं घर बंद करून आम्ही आईंना बेंगळुरूला आणलं. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली उतरलं की हंड्रेड फीट रोडची वर्दळ. हॉटेलं, शोरूम, गाड्या. शेजारी चांगले, पण भाषा वेगळी. लिफ्टमध्ये कोणी बोललं तर आई नुसत्या हसायच्या आणि घरात येऊन म्हणायच्या, "काय म्हणाली कोण जाणे."

काही महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. पाठ दुखते. छातीत आणि पोटात जळजळतं. तळपायांची आग होते. पहाटे साडेतीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. मधुमेह बारा वर्षांचा होता, पण साताऱ्यात आटोक्यात होता. इथे आल्यावर साखर चढत गेली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी चढतीच. प्रत्येक नव्या तपासणीनंतर एकच वाक्य ऐकू यायचं, "काळजीचं काही नाही, सगळं नॉर्मल आहे." आम्हाला हायसं वाटायचं. आईंचा चेहरा मात्र उतरायचा. दुखत तर होतंच, वर आता कोणी खरंही मानत नव्हतं. आम्हीही म्हणून मोकळे व्हायचो, "आई, तुम्ही फार विचार करता."

मग एका छोट्या दवाखान्यात मधुमेहाच्या एका डॉक्टरांनी ती जाड फाइल चाळली, मिटून बाजूला ठेवली आणि हिंदीत विचारलं, "आजी, गेल्या पंधरा दिवसांत मनापासून करावंसं वाटलं असं काही होतं का?"

आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग मराठीतच म्हणाल्या, "वातीसुद्धा वळाव्याशा वाटत नाहीत हो."

मला धस्स झालं. साताऱ्यात रोज दुपारी कापूस घेऊन बसणाऱ्या आईंच्या हातात इथे कापूस कधी दिसलाच नव्हता, हे मला त्या क्षणी लक्षात आलं. मी दोन बोटं जाड फाइल सांभाळली, पण ही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

आईंना नैराश्य होतं. पाठही खरोखरच दुखत होती, साखरही खरोखरच वाढली होती. आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

मनाचं दुखणं शरीर का सांगतं?

आपल्याकडे नैराश्याचा माणूस दवाखान्यात जाऊन "मी उदास आहे" असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, "अंगात त्राण नाही," "डोकं जड वाटतं," "भूक मेली आहे," "छातीत धडधडतं," "सगळं अंग ठणकतं." मराठीत तर आपण दुःखाने काळीज फाटल्याचं सांगतो, काळजीने पोटात गोळा येतो म्हणतो, रागाने जीव जळतो म्हणतो. मनाचे अनुभव शरीराच्या शब्दांत सांगायची आपल्याला सवयच आहे.

यामागे आणखी एक कारण आहे आणि त्याचा अभ्यास बेंगळुरूमध्येच झाला. होसूर रोडवरची निम्हान्स ही संस्था देशातल्या मानसिक आरोग्याच्या अग्रगण्य संस्थांपैकी एक. तिथले डॉ. आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूत मानसोपचारांच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० रुग्णांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. तो १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त होती, त्यांना लोकलाजेची बोचणीही जास्त होती. ज्यांच्यात दुखणीखुपणी जास्त होती, त्यांना ती कमी होती. रुग्णांचं म्हणणं साधं होतं. अंगदुखी, थकवा सगळ्यांनाच कधी ना कधी होतो, त्यात लपवण्यासारखं काय? पण मन उदास आहे असं सांगितलं, तर चारचौघांत किंमत कमी होते.

म्हणजे पाठदुखी सांगणं सुरक्षित असतं. रडू येतं हे सांगणं तसं नसतं. आईंनी पाठीची तक्रार पन्नास वेळा केली. रडू येतं हे एकदाही सांगितलं नाही. त्यांनी ढोंग केलं नव्हतं. जे सांगता येण्यासारखं होतं, तेवढंच त्यांनी सांगितलं.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो

मन आणि शरीर यांच्यातली ही वाहतूक दोन्ही दिशांनी चालते. आधी मनाकडून शरीराकडे जाणारी बाजू पाहू.

दीर्घकाळचा ताण आणि नैराश्य यांत कॉर्टिसोल या संप्रेरकाचं चक्र बिघडू शकतं. कॉर्टिसोल यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतं. मधुमेह असलेल्या माणसाला याचा फटका थेट बसतो. शिवाय नैराश्य असलेल्या अनेकांच्या रक्तात सौम्य पण सतत चालणाऱ्या दाहाच्या खुणा वाढलेल्या आढळतात आणि असा दाह हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी चांगला नसतो. वेदनेचंही तसंच आहे. सिरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही मेंदूतली रसायनं मनःस्थिती सांभाळतात आणि शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश दाबून धरायलाही मदत करतात. ती व्यवस्था ढिली पडली की पूर्वी सहन होणारं दुखणंही असह्य वाटतं. म्हणूनच ड्युलोक्सेटिन नावाचं एक औषध नैराश्यावर दिलं जातं आणि मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या वेदनांवरही. मनाचं आणि शरीराचं दुखणं किती जवळ राहतं, हे यावरून कळेल.

याहून साधी कारणं रोजच्या जगण्यात असतात. मन खचलं की माणूस फिरायला जात नाही. जेवणाची वेळ चुकते किंवा बिस्किटांवर भागवलं जातं. झोप तुटते. आणि गोळ्या राहून जातात. आईंच्या कपाटात मला मधुमेहाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप सापडली. महिना संपला होता आणि तिच्यात अकरा गोळ्या शिल्लक होत्या. डॉक्टर डोस वाढवत होते, आम्ही भात कमी करत होतो आणि आई रात्रीची गोळी घेतच नव्हत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घेऊन तरी काय करायचंय?" मी ते वाक्य कंटाळा समजून सोडून दिलं होतं. ते नैराश्याचं लक्षण होतं.

आता उलट बाजू. शरीराचा मोठा आजारही मनाला खाली ओढतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरायला लागण्याच्या काही वर्षं आधीच काहींना उदासी येते. यातला सगळाच परिणाम आजाराच्या धक्क्याचा किंवा चिंतेचा नसतो, काही थेट मेंदूवर होतो. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना, ज्यांना आधी कधीही मानसिक त्रास नव्हता अशांनाही, काही आठवड्यांत नैराश्य येई. शरीरातली दाहाची यंत्रणा चेतवली तर मनही कोमेजतं, हे त्यातून डॉक्टरांना स्पष्ट दिसलं. साधा फ्लू झाला तरी आपल्याला कोणाशी बोलावंसं वाटत नाही, काही खावंसं वाटत नाही, पडून राहावंसं वाटतं. ते त्याच प्रकारचं, फक्त चार दिवसांचं असतं.

साखर आणि हृदय: दुर्लक्ष महागात पडतं

नैराश्यामुळे फक्त "मूड" जातो असं समजू नका. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांचा पाठपुरावा झाला. तो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर रुग्णालयात असतानाच ज्यांना नैराश्य होतं, त्यांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौपट निघाला. हृदयाची अवस्था किती बिघडली आहे हे हिशोबात धरूनही. त्यानंतर जगभर बरेच अभ्यास झाले. आकडे कमीजास्त आले, पण हृदयविकारात नैराश्य धोका वाढवतं ही गोष्ट कायम राहिली.

आपल्याकडे मात्र बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरी आला की तेल, मीठ, जिन्यांच्या पायऱ्या आणि गोळ्या यांचा हिशोब ठेवला जातो. तो खिडकीतून बाहेर बघत तासन् तास बसतो, नातवाला जवळ घेत नाही, टीव्ही चालू असून बघत नाही, याची नोंद कुठेच होत नाही. "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, असं होणारच," असं म्हणून सगळे गप्प बसतात. पहिले काही दिवस खचल्यासारखं वाटणं समजू शकतं. दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

पण आधी शरीर नीट तपासा

"सगळं मनाचं आहे" असं म्हणून शरीराकडे पाठ फिरवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. काही शारीरिक बिघाड हुबेहूब नैराश्यासारखे दिसतात आणि ते साध्या तपासणीत सापडतात.

थायरॉइड मंदावला की सुस्ती, वजनवाढ, उदासी, विसरभोळेपणा येतो. रक्त कमी असेल तर थकवा येतो, धाप लागते. बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी पडलं तर हातापायांना मुंग्या, विस्मरण आणि उदासी, असं तिन्ही होऊ शकतं. शाकाहारी घरांमध्ये ही कमतरता बरीच दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, म्हणून अशांनी ते अधूनमधून तपासून घ्यावं. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो. स्टिरॉइडसारख्या काही औषधांनीही मनःस्थिती बदलते. आईंचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. तळपायांची आग होण्यात मधुमेहाबरोबर त्याचाही वाटा होता.

छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, नकळत वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, अशा तक्रारी नैराश्याच्या रुग्णाने सांगितल्या तरी त्या आधी शरीराच्याच समजाव्यात आणि लगेच डॉक्टर गाठावेत. ज्यांच्यावर मनाच्या आजाराचा शिक्का बसतो, त्यांची शारीरिक दुखणी कोणी गंभीरपणे घेत नाही, हाही मोठा अन्याय आहे.

दोन्हीवर एकत्र उपचार केले तर?

साखरेचे डॉक्टर साखर बघणार, मनाचे डॉक्टर मन बघणार आणि रुग्ण दोघांच्या मध्ये हेलपाटे घालणार, ही आपली नेहमीची पद्धत. त्याऐवजी मधुमेहाच्या दवाखान्यातच मनाकडेही लक्ष दिलं तर काय होईल?

हा प्रयोग भारतात झाला आणि त्यात बेंगळुरूही होतं. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार मधुमेह केंद्रांत ४०४ रुग्ण निवडण्यात आले. सगळ्यांना मधुमेह होता, नैराश्याची लक्षणं होती आणि साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी हाताबाहेर होतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांच्या मदतीला एक समन्वयक दिला गेला. हा समन्वयक डॉक्टर नव्हता. तो रुग्णाशी नियमित बोलायचा, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, मन कसं आहे हे विचारायचा आणि सगळं संगणकावर नोंदवायचा. मधुमेहाचे आणि मनाचे तज्ज्ञ ठरावीक दिवसांनी ती माहिती एकत्र बसून पाहायचे आणि उपचारांत बदल सुचवायचे.

ही जादा मदत वर्षभर दिली गेली. दोन वर्षांनी मोजमाप झालं. ज्यांचं नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं आणि सोबत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक गोष्ट ठरवलेल्या प्रमाणात सुधारली, असे रुग्ण समन्वयक असलेल्या गटात ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ५७.४ टक्के. हा अभ्यास २०२० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे फरक घडवणारा मधला दुवा हा विचारपूस करणारा एक माणूस होता. गोळ्या तर दोन्ही गटांना मिळत होत्या.

गोव्यातलं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. तिथली 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह तिची स्थापना केली. या गटाने असं पाहिलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात थकवा, अंगदुखी, झोप नाही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांना मुळात नैराश्य असतं. मानसोपचारतज्ज्ञ तर मोजकेच. मग त्यांनी मानसोपचारांची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. रुग्णाने छोट्या छोट्या, मनाला उभारी देणाऱ्या कामांकडे पुन्हा वळावं, यासाठी सहा ते आठ भेटींत मदत करायची, एवढी साधी पद्धत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ज्या रुग्णांना ही मदत मिळाली, त्यांच्यापैकी ६४ टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

एकीकडे असे उपाय आहेत आणि दुसरीकडे निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे. देशात नैराश्य असलेल्या शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. आमच्या आईही बराच काळ त्या ८५ जणांत होत्या. दवाखान्याच्या इतक्या चकरा मारूनसुद्धा.

घरच्यांनी काय पाहावं?

नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा काळ विचारात घेतात. दोन प्रश्नांपासून सुरुवात करता येते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वाटला नाही, असं झालं का? बहुतेक दिवस उदास किंवा हताश वाटलं का? एकाचं जरी उत्तर "हो" आलं, तरी डॉक्टरांशी बोलायला हवं. याखेरीज घरात या गोष्टींकडे लक्ष ठेवा:

• आवडीची कामं थांबली आहेत का? कोणाच्या वाती, कोणाचं शब्दकोडं, कोणाचं क्रिकेट, कोणाचा रोजचा फोन.

• गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये महिन्याअखेरीस गोळ्या उरतात का?

• पहाटे फार लवकर जाग येऊन सकाळीच मन सगळ्यात जड असतं का?

• तपासण्या नॉर्मल येऊनही दुखणी जागा बदलत राहतात का?

• साखर किंवा बीपी कारण नसताना बिघडलं आहे का?

• "माझा काय उपयोग," "तुम्हाला माझं ओझं," असली वाक्यं वाढली आहेत का?

पुरुषांमध्ये हेच पुष्कळदा चिडचिड, अबोला किंवा वाढलेली दारू या रूपात दिसतं. शाळेतल्या मुलांमध्ये रोज सकाळी दुखणारं पोट आणि घसरलेले गुण या रूपात. आणि नुसता वैतागही ओळखायला शिका. रोज सुई टोचून, रोज पथ्य पाळून मधुमेहाच्या माणसाला कंटाळा येतो. तो कंटाळा म्हणजे नैराश्य नव्हे, पण तोही ऐकून घेण्यासारखा असतो.

डॉक्टरांकडे जाताना

पहिल्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला घरातली मंडळी तयार होत नाहीत. हरकत नाही. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा मधुमेहाच्या, हृदयाच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. फक्त त्यांना झोप, भूक, रस, रडू आणि चुकलेल्या गोळ्या यांबद्दल स्वतःहून सांगा. गर्दीच्या ओपीडीत ते विचारतीलच असं नाही. सगळ्या औषधांची यादी सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठांमध्ये काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, म्हणून डॉक्टर सुरुवातीला तपासणी सांगतात. ती टाळू नका.

गोळ्यांची भीती आमच्याही घरात होती. "सवय लागेल," "झोपेच्या गोळ्याच असतात त्या." प्रत्यक्षात नैराश्यावरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. सौम्य नैराश्यात काहींना गोळ्या लागतही नाहीत. समुपदेशन, नियमित चालणं, झोपेची शिस्त आणि माणसांचा सहवास यांनी ते सावरतात.

खर्चाची काळजी असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांसाठीही विम्याची सोय ठेवली पाहिजे. आपल्या पॉलिसीत ती कशी आहे, हे एकदा विचारून घ्या.

हे मात्र आजच

कोणी मरणाबद्दल बोललं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं म्हणालं, निरवानिरवीची भाषा करू लागलं, तर विषय बदलू नका. शांतपणे, सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. साठवलेल्या गोळ्या, इन्सुलिन, कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असं बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

'टेलिमानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष उपयोगाचं, कारण मनातलं बोलायला आपली भाषाच लागते.

वाती

आईंना त्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह दिलं, मधुमेहाची गोळी न वाढवता ती वेळेवर घ्यायला सांगितलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्रीची गोळी आता माझा नवरा हातात देतो आणि पाच मिनिटं शेजारी बसतो. गोळीपेक्षा त्या पाच मिनिटांचा गुण जास्त आहे, असं आई म्हणतात. डॉक्टर अर्थातच दोन्ही चालू ठेवा म्हणतात.

सगळं एकदम ठीक झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्या गोळ्या बंद करायचं ठरवलं होतं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही साताऱ्याला गेलो आणि परतल्यावर आठ दिवस पुन्हा जड गेले. पाठ अजूनही अधूनमधून दुखते. पण आता त्या म्हणतात, "आज पाठ दुखतेय, आणि मनही बरं नाहीये." या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी आम्हाला दीड वर्ष लागलं.

सकाळी त्या खाली उतरून भाजीच्या गाडीपाशी जातात. "मेंथ्ये सोप्पु" म्हणजे मेथी, हे भाजीवालीने शिकवलं आणि त्यांनी तिला "जुडी" हा शब्द शिकवला. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी कितीतरी दिवसांनी आठच्या खाली आली. तो रिपोर्ट मी फाइलमध्ये लावला. त्याच्या मागे एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर दर रविवारी मी चार ओळी लिहिते. झोप कशी, भूक कशी, कोणाशी बोलल्या, काय करावंसं वाटलं.

गेल्या रविवारची नोंद एवढीच आहे: "दुपारी कापूस मागितला."